जवारीची बियर, बिनदारूची : घरच्या नोंदी

५ जानेवारी २०२५

तपासणीत सिलिॲक निघून चार वर्षं झाली. गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन आतडं बिघडवतं, तो हा आजार. आधी दोन वर्षं हिमोग्लोबिन नऊच्या वर जाईना, लोहाच्या गोळ्या खाऊन तोंड काळं झालं, मग रक्ताची टीटीजी तपासणी झाली, मग दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढला. गव्हाची पोळी सोडायला आठ दिवस लागले. आमच्याकडे भाकर होतीच. बियरचं मात्र जमलं नाही. म्हणजे पीत नाही, पण मे महिन्यात संध्याकाळी सातला गच्चीवर बसलं की आठवते.

मित्रांचा सल्ला ठरलेला असतो : "रम घे ना भाऊ." बरोबर आहे. रम उसाच्या मळीची, वाइन द्राक्षाची. व्हिस्की धान्याची असली तरी ऊर्ध्वपातनात प्रथिन वाफेबरोबर वर येत नाही. पण मला नशा नको आहे. मला थंड, कडवट, फेसाळ ग्लास हवा आहे. बियर बार्लीच्या माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या दाण्यांची, आणि बार्लीतलं हॉर्डीन हे प्रथिन माझ्या आतड्याला गव्हाइतकंच नडतं.

मागच्या वर्षी एकाने परदेशातून ग्लुटेन 'काढलेल्या' बियरच्या दोन बाटल्या आणल्या होत्या. ती बार्लीचीच असते, आत एक एन्झाइम टाकून हॉर्डीनचे तुकडे केलेले असतात. एक प्यालो आणि दोन दिवस आडवा. नंतर वाचलं, की आंबवलेल्या पदार्थात तुकडे झालेलं ग्लुटेन नेहमीच्या चाचणीला भरवशाने मोजता येत नाही. म्हणूनच अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने (एफडीए) २०२० मध्ये नियम केला, की अशा पदार्थावर 'ग्लुटेन-फ्री' लिहायचं तर आंबवण्याआधीचा कच्चा मालच ग्लुटेनमुक्त असला पाहिजे. मला हे पटलं. धान्यच बदलायचं.

घरी दारू गाळणं किंवा आंबवणं महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली परवान्याशिवाय गुन्हा आहे. यीस्ट हा शब्द या नोंदींत फक्त अपघात म्हणून येईल. जवारीचा माल्ट करायचा, त्याचा गोड अर्क काढायचा, कडू घालून उकळायचा आणि थंड सोड्यात ओतून प्यायचा. एवढाच प्रकल्प.

आईचं मत : "काहून एवढा जीव काढून राहिला रे? आंबील पी ना." महालक्ष्म्यांची आंबील मला आवडते. पण तिला फेस येत नाही.

११ जानेवारी

नागपूरच्या इतवारी बाजारातून तीन किलो जवारी आणली, ५५ रुपये किलो. त्याआधी एक चूक होता होता टळली. उगवण हमखास हवी म्हणून मी बियाण्याची पिशवी घ्यायला कॉटन मार्केटच्या बाजूला गेलो होतो. दुकानदाराने विचारलं, किती एकर? म्हटलं, गच्चीवर. त्याने पिशवी फोडून दाखवली, दाणे गुलाबी. बुरशीनाशक चोळलेलं बियाणं. ते खायचं नसतं, कितीही धुतलं तरी. हे कोणी करू नका.

जवारी घरी आणून परातीत पसरली आणि दोन किलो दाणा न् दाणा बघितला. पावणेतीन तास गेले. गव्हाचे ११ दाणे निघाले. बायको म्हणाली, अकराच ना. मग हिशेब मांडला. गव्हाचा एक दाणा साधारण ४० मिलिग्रॅमचा, त्यात दहावा भाग ग्लुटेन धरलं तर ४ मिलिग्रॅम. अकरा दाण्यांचं ४४. दोन किलोत ४४, म्हणजे किलोला २२ मिलिग्रॅम. आपल्याकडे एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची 'ग्लुटेन-फ्री'ची मर्यादा किलोला २० आहे. अकरा दाण्यांत जवारी नापास झाली.

गहू येतो कुठून? बारदाना तोच, चाळणी तीच, वजनाचं घमेलंही तेच. दुकानदाराचा दोष नाही, त्याच्या गिऱ्हाइकाला अकरा दाण्यांनी काही होत नाही.

१४ ते १९ जानेवारी

संक्रांतीच्या दिवशी निवडलेली एक किलो जवारी भिजवली. २४ तास, दर सहा तासांनी पाणी बदललं. मग ओल्या सुती पंचात गुंडाळून चाळणीत ठेवली.

तिसऱ्या दिवशीही निम्म्याहून जास्त दाणे तसेच. पाचव्या दिवशी वास आला. कण्हेरीच्या, म्हणजे पेजेच्या, भांड्यासारखा नाही, ओल्या पायपुसण्यासारखा. फेकली.

दोन कारणं. रात्री पारा अकरा-बारावर जात होता आणि मी चाळणी खिडकीत ठेवली होती. जवारीला उगवायला २५ ते ३० अंश लागतात. दुसरं मोठं. जवारी जुनी होती. उरलेल्यातले १०० दाणे मोजून ओल्या फडक्यात, गॅसच्या ओट्याजवळ उबेला ठेवले, तर ३८ उगवले. ही शंभर दाण्यांची चाचणी आधी करायची असते. आईला माहीत होतं, मी विचारलं नव्हतं. उरलेल्या जवारीच्या घरच्यांनी भाकरी खाल्ल्या.

२५ जानेवारी

काटोलकडे मित्राचं शेत आहे. तिकडे आता सगळा संत्रा आणि कापूस. जवारी त्याने बांधाकडच्या दोन एकरांत ठेवली आहे, तीही जनावरांच्या कडब्यासाठी. पंधरा किलो घेतली, ४० रुपयांनी. नको म्हणत होता, जबरदस्तीने दिले. हाताने मळलेली, नव्या पोत्यात भरलेली. शंभरात ९४ उगवले.

गहू? पाच किलोत दोन दाणे.

२८ जानेवारी ते २ फेब्रुवारी

पहिला खरा माल्ट. तीन किलो भिजवली, २२ तास. पंचाऐवजी स्टीलच्या मोठ्या डब्याच्या तळाला भोकं पाडली, आत ओली गोणपाट... असं लिहीत होतो, पण गोणपाट वापरली नाही, ती धान्याचीच असते. नवं मांजरपाट घेतलं, १२० रुपये. डबा देवघराच्या कोपऱ्यात, शेजारी साठचा बल्ब. दिवसातून तीनदा हाताने उलथायचं, नाहीतर मुळं एकमेकांत गुंततात आणि मधला गठ्ठा तापतो. मध्ये हात घातला तर अक्षरशः ऊन लागतं.

दुसऱ्या दिवशी एक गोष्ट दिसली जी मला कुठे वाचायला मिळाली नव्हती. जवारीच्या दाण्याला एकच मूळ येतं, पांढरं, सरळ. गव्हाला एकदम तीन, कोंबडीच्या पायासारखी. निवडताना डोळा चुकवून राहिलेला एक गहू असा सापडला. आता दुसरी निवड मी मोड आल्यावरच करतो. कोरड्या दाण्यांत पावणेतीन तास लागत होते, इथे वीस मिनिटं.

चौथ्या दिवशी मोड दाण्याच्या दीडपट लांब झाले. गच्चीवर चादरीवर पसरून वाळवले, दोन दिवस. फेब्रुवारीचं आपलं ऊन यासाठी अगदी योग्य. वर माती उडू नये म्हणून जाळी. गाभा वाळला की नाही ते दातानेच कळतं, 'कट्' असा आवाज यायला हवा.

मग हे विसरायचं नाही : वाळल्यावर तळहातात चोळून सगळी मुळं आणि कोंब पाडायचे, सुपात पाखडून फेकायचे. कोवळ्या जवारीत धुरिन नावाचा पदार्थ असतो, त्यातून सायनाइड सुटतं. कोवळी जवारी चरलेलं जनावर दगावतं हे गावात कोणालाही विचारा. म्हणून जवारीचे मोड मटकीसारखे कच्चे खायचे नाहीत. जो अर्क काढायचा तो झाकण उघडं ठेवून, खिडकी उघडी ठेवून तासभर उकळायचा. सायनाइड वाफेबरोबर निघून जातं.

तीन किलो जवारीचा अडीच किलोला थोडा कमी माल्ट हाती आला.

४ फेब्रुवारी

दळायचं कुठे? आमच्या चौकातल्या चक्कीवर दिवसभर गहू. चक्कीवाले भाऊ म्हणाले, आधी तुमचंच लावतो, सकाळी सातला या. गेलो. त्यांनी खरंच दगड झाडला. पण वरच्या कापडी पिशवीतून पांढरी धूळ अजून पडत होती. तसाच परत आलो. त्यांना वाईट वाटलं. मग मीच चहा पाजला.

आजीचं जातं माळ्यावर आहे. त्यावर आयुष्यभर दलिया निघालेला. दगडाच्या खाचेत काय काय बसलं असेल, देव जाणे. शेवटी मिक्सरचं नवं भांडं, ९०० रुपये, त्यावर लाल मार्करने 'जवारी'. माल्ट रव्यासारखा जाडसर काढायचा. एका वेळी दोन मुठी, नाहीतर मोटर तापते. एक किलोला चाळीस मिनिटं.

८ फेब्रुवारी : पहिला अर्क

बार्लीचं करतात तसं केलं. चार लिटर पाणी, एक किलो माल्ट, ६५ अंशांवर दीड तास. स्वयंपाकाचा थर्मामीटर ३२० रुपयांचा. टिंक्चर आयोडीनचा थेंब पांढऱ्या बशीत, त्यावर गार केलेल्या अर्काचा थेंब. काळानिळा झाला म्हणजे स्टार्च अजून तसंच, साखर झालेली नाही.

दीड तासाने काळा. दोन तासांनी काळा. अडीच तासांनी मी गॅस बंद केला.

गोडी मोजायला दुधाचा लॅक्टोमीटर घेतला आहे, १८० रुपये. बियरवाल्यांचं काचेचं यंत्र मागवायची गरज नाही. पाण्याहून किती जड एवढंच दोन्ही सांगतात. लॅक्टोमीटरचा २८ म्हणजे १.०२८. अर्क मात्र त्यावर छापलेल्या तापमानापर्यंत गार करूनच मोजायचा. आला ११. तांदळाच्या धुवणापेक्षा थोडा बरा.

१५ फेब्रुवारी : दुसरा

चूक कुठे झाली ते समजलं असं वाटलं. बार्लीचं स्टार्च ६५ च्या आतच फुलतं, जवारीचं सत्तरच्या पुढे जाईपर्यंत नीट फुलत नाही. मग मी सगळा माल्ट उकळला. वीस मिनिटांत छान पिठलं झालं. ते ६५ वर आणून दोन तास ठेवलं.

काळं. पहिल्यापेक्षा काळं.

रात्री अकराला ट्यूब पेटली. साखर करणारी एन्झाइमं माल्टमध्येच असतात, आणि ती मी उकळून मारली होती. एक किलो माल्ट, पाच तास आणि गॅस गेला. पिठलं गाईला घातलं, तिने आवडीने खाल्लं.

२२ फेब्रुवारी : तिसरा, जमला

आता करायचं ते असं. माल्ट चार लिटर कोमट पाण्यात, ४५ अंश, अर्धा तास. ढवळून स्वस्थ ठेवायचा. रवा खाली बसतो, वर ताकाच्या निवळीसारखं पाणी येतं. एन्झाइमं या निवळीत उतरलेली असतात. दीड लिटर निवळी वाटीने हलकेच काढून बाजूला ठेवायची. खालचा गाळ अर्धा तास उकळून शिजवायचा, तळाला लागू द्यायचा नाही. मग ७५ पर्यंत निवू द्यायचा आणि निवळी परत ओतायची. बेत ६४ चा होता, ६२ भरलं, थोडं तापवून घेतलं. गंज, म्हणजे पातेलं, जुन्या रजईत गुंडाळला.

दहाच मिनिटांत ते पिठलं पातळ झालं. डाव फिरवताना हाताला कळतं. आधी ओढ लागत होती, मग एकदम सुटलं. सव्वा तासाने बशीतला थेंब पिवळाच राहिला. आईला हाक मारली. तिने चमचाभर चाटून बघितलं. "गोड आहे वं माय!"

मग गाळायला बसलो आणि साडेतीन तास गेले. बार्लीला टरफल असतं, तेच गाळणीचं काम करतं. जवारी नागडी. चिखल कापडाला बसतो आणि थेंबही खाली येत नाही. पिळलं तर सगळं गढूळ. लॅक्टोमीटर २७, पण हाती दीडच लिटर.

१ मार्च

भंडाऱ्याच्या साडूंकडून धानाचं तूस आणवलं, राइस मिलमधलं, फुकट. त्यांनी फोनवर तीनदा विचारलं, "नक्की तूसच पाहिजे ना? तांदूळ नको?" मिलमध्ये फक्त धानच चालतं हे मी दोनदा विचारून घेतलं. पाच पाण्यांनी धुतलं, उकळलं. माल्टच्या किलोला दोन मुठी तूस शिजलेल्या अर्कात मिसळलं आणि चाळणीच्या तळाशी बोटभर थर दिला. ३५ मिनिटांत गाळून झालं. वरून लिटरभर गरम पाणी ओतून उरलेली गोडीही काढली.

सगळा अर्क उकळून अडीच लिटरवर आणला. हा दुप्पट दाट ठेवायचा. निम्मा अर्क, निम्मा साधा सोडा, तेव्हा लॅक्टोमीटर २९ दाखवतो. मोजताना साध्या पाण्याने निम्मा केला होता. सोड्याचे बुडबुडे काचेला चिकटून आकडा उगीच चढवतात.

८ मार्च

कडूपणा. बियरला कडूपणा येतो तो हॉप्स नावाच्या सुक्या फुलांनी. त्याआधी देशी उपाय करून बघितला, काडेचिराईत, इतवारीतल्या जडीबुटीच्या दुकानातलं. अडीच लिटरला २ ग्रॅम. दोन ग्रॅम म्हणजे चिमूटच. प्यायल्यावर कान हलले. मलेरियाच्या औषधाची आठवण झाली. पाव ग्रॅमवर चालेल कदाचित, पण जिभेवरून उतरतच नाही, आणि वास शून्य.

हॉप्स मागवले, ५० ग्रॅम, कुरिअरसकट ४८० रुपये. एक तासाच्या उकळीत सुरुवातीला ४ ग्रॅम, शेवटच्या पाच मिनिटांत २. त्याच वेळी एका संत्र्याची साल, फक्त वरचा केशरी पापुद्रा. मृग बहराची संत्री आत्ता गल्लीत येतात, फुकटात काम. रंगासाठी मूठभर माल्ट तव्यावर खरपूस भाजून त्यात टाकला.

थंड सोड्यात ओतला. फेस आला. पांढरा नाही, दुधाळ, आणि अर्ध्या मिनिटात बसला. पण आला.

१४ मार्च, धुळवड

चार मित्र गच्चीवर. त्यांची त्यांची, माझी माझी. एकाने माझा ग्लास उचलून चाखला आणि म्हणाला, "बियर नाही. पण काहीतरी आहे." मला तेवढं पुरलं.

रात्री दोनला पोट. सकाळपर्यंत सहा वेळा. पुढचे तीन दिवस तेच, तोंड आलं, अंग मोडून पडलं.

२३ मार्च

काही केलं नाही. सगळा माल्ट संशयित. तूस? मिक्सर? हॉप्सच्या पुडीत काही? साडूंना फोन करून मिलबद्दल पुन्हा विचारलं, तेही वैतागले. दीड किलो तयार माल्ट फेकून दिला. ती घाई होती.

३० मार्च, पाडवा

बायकोने शोधलं. धुळवडीचा चकणा : मसाला शेंगदाणे. ते घरचे नव्हते, पाकीटही फेकून दिलं होतं. तिने तेच पाकीट पुन्हा आणून मागची बारीक अक्षरं वाचली. वरच्या आवरणात मैदा, मसाल्यात हिंग, आणि बाजारातल्या बांधानी हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं. चार वर्षं मी हॉटेलात "हिंग कोणता?" विचारतो, वेटर हसतात. आणि स्वतःच्या गच्चीवर मूठमूठ खात होतो.

सोळा दिवस गेले. बियर निर्दोष होती की नाही हे अजून सिद्ध व्हायचं होतं, म्हणून पाच दिवस फक्त वरण-भात-भाकर, मग एकटा बसून एक ग्लास. नंतर दोन दिवस वाट. तसं तीनदा. काही झालं नाही. हा पुरावा नाही हे मला कळतं. सिलिॲकमध्ये पोट गप्प असूनही आतडं खराब होऊ शकतं. जूनमध्ये टीटीजी परत करायची आहेच.

१२ एप्रिल

पारा ४२. तीन किलो जवारी उगवायला ठेवली होती, दुसऱ्याच दिवशी वर पांढरी-काळी लव. खोलीतच ३६ अंश होते. सगळी फेकली, चोळून-धुवून वाचवायचा प्रयत्न करू नका. बुरशी धुतली जाते, तिचं विष राहतं.

दुसऱ्यांदा डबा कूलरसमोर पाच फुटांवर ठेवला. तिथे २७-२८ मिळतात, हवा ओली, पंचा सुकत नाही. नागपुरात उन्हाळ्यात माल्ट करायचा तर कूलरच माल्टघर. मात्र कूलरचं पाणी रोज बदला, खसाला वास असेल तर तो दाण्यात उतरतो.

त्याच आठवड्यात दुसरा प्रताप. अर्काची एक बाटली ओट्यावर राहून गेली. तिसऱ्या दिवशी झाकण उडालं, छतावर डाग. हवेतलं यीस्ट. म्हणजे न ठरवता गुन्हा झाला, तो मोरीत ओतून मिटवला. अर्क गोड आहे, आंबट नाही. बंद बाटलीत बाहेर ठेवणं धोक्याचंच. आता उकळता उकळता भरतो, लगेच थंड करून फ्रिजमध्ये ठेवतो, चार दिवसांत संपवतो. जास्तीचा बर्फाच्या ट्रेमध्ये. चार खडे आणि गोटी सोडा, हे उलट जास्त चांगलं लागतं. खडे विरघळत असताना चव पातळ होत नाही, दाट होत जाते.

१९ एप्रिल : खर्च

जवारी १६५ आणि ६००, थर्मामीटर ३२०, लॅक्टोमीटर १८०, मिक्सरचं भांडं ९००, कापड १२०, आयोडीन ४०, हॉप्स ४८०. एकूण २८०५. गॅस धरलेला नाही, बायकोने धरला आहे. फुकट गेलेलं : चार किलो जवारी, तीन किलोच्या आसपास माल्ट, सोळा दिवस.

एका खेपेला आता भिजवण्यापासून ग्लासापर्यंत आठ दिवस, त्यात हाताचं काम सहा तास. त्यातून पाच लिटर.

फेस अजून अर्ध्या मिनिटातच बसतो. पुढच्या खेपेला थोडी नाचणी मोडवून घालणार आहे. आईला विचारलं तर म्हणाली, नाचणीचं सत्त्व करताना वर फेस येतो खरा. किती घालायची, ते तिने सांगितलं नाही. "तूच कर ना प्रयोग, तुला हौस आहे."

नाचणी आज निवडायला बसलो. पहिल्या अर्ध्या किलोत एक गहू.